पहिलं एअर पिस्तूल: आधी हात मोजा, मग दुकानात जा

नेमबाजीच्या रेंजवर नवी पेटी उघडली जाते तेव्हा आम्ही सगळेच आपापली लेन सोडून बघायला जमतो. पण गेल्या काही वर्षांत त्या आनंदानंतर पुष्कळदा एकच गोष्ट घडताना दिसते. मुलगी पिस्तूल हातात घेते, बोट ट्रिगरपर्यंत पोचावं म्हणून मनगट वळवते, आणि पेटीवर लिहिलेलं असतं 'एल', म्हणजे मोठ्या हाताची ग्रिप (धरायची मूठ). बाबांनी लाखाच्या वर रक्कम मोजलेली असते. पिस्तुलात खोट नसते, खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी मॉडेल ठरलं, मग पैसे भरले, आणि हाताचा विचार सगळ्यात शेवटी झाला.

हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारासाठी पहिलं हत्यार घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि चाळिशीनंतर रेंजवर येऊ लागलेल्या माझ्यासारख्यांसाठी. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळला तर पुढचे दोन चुकतात.

टप्पा १: कशासाठी घेताय, ते एका वाक्यात लिहा

खरोखर वहीत लिहा. कारण सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असतं: "रेंजवरही चालेल आणि जवळ ठेवायलाही होईल असं काहीतरी सांगा." असं एकही हत्यार नाही. या दोन गरजा वेगळ्या आहेत, त्यांचे कायदे वेगळे आहेत आणि हत्यारंही वेगळी आहेत.

स्वसंरक्षणासाठी अग्निशस्त्र जवळ बाळगायचं तर १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. जिल्हा दंडाधिकारी किंवा आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त परवाना देतात. त्यासाठी जिवाला धोका असल्याचं कारण पटवावं लागतं, वय २१ पूर्ण लागतं, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं आणि आरोग्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. परदेशी व्हिडिओ बघून लोक ९ मि.मी.चं पिस्तूल मागतात. तो बोअर (नळीचं माप) आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे. परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल येतं, आणि त्यावर तुम्ही दहा मीटरची स्पर्धा खेळू शकत नाही.

खेळासाठीचं एअर पिस्तूल ४.५ मि.मी. कॅलिबरचं असतं. छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण १५० मीटर, म्हणजे ऊर्जा सुमारे ६ जूल. ४.५ मि.मी.पर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर हत्याराला आपल्याकडे परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र द्यावं लागतं आणि पक्कं बिल घ्यायचंच. मूल १८ च्या आतलं असेल तर बिल पालकांच्या नावावर करा.

पंचवीस मीटरला .२२ चं स्पोर्ट पिस्तूल लागतं. ते अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतो, आणि तिथे जाण्याआधी दोन-तीन वर्षं एअरवर घालवलेली कधीच वाया जात नाहीत.

थांबा: तुमच्या वाक्यात 'संरक्षण' हा शब्द आला असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. एअर पिस्तूल दाखवून कुणाला घाबरवायला जाऊ नका. समोरच्याला ते खरंच वाटतं, आणि त्याच्या हातात खरं असलं तर जीव तुमचा जाईल.

टप्पा २: सहा आठवडे क्लबच्या पिस्तुलावर

पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, कोल्हापुरात दुधाळी अशा मोठ्या रेंज आहेत. बहुतेक जिल्ह्यांत रायफल असोसिएशन किंवा खासगी क्लब आहेत. नव्यांना तिथे क्लबचं पिस्तूल वापरायला मिळतं. ग्रिप हजार हातांतून गेलेली असते, लाकूड काळवंडलेलं असतं, तरी चालेल. या सहा आठवड्यांत नेम लागला नाही तरी बिघडत नाही, हात कळला पाहिजे.

तीन गोष्टी नक्की करून घ्या.

पहिली, डोळा. दोन्ही हात लांब करून अंगठे आणि तर्जन्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहिलं तो तुमचा प्रमुख डोळा. हात उजवा आणि डोळा डावा असं निघालं तर घाबरू नका, पण प्रशिक्षकांशी बोलल्याशिवाय पिस्तूल घेऊ नका. ग्रिप उजव्या हाताची की डाव्या हाताची, हे याच चर्चेत ठरतं.

दुसरी, रेंजची शिस्त. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, हुकूम झाल्यावरच लोड. पिस्तूल खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी ती रंगीत दोरी. हे अंगवळणी पडायच्या आत स्वतःचं पिस्तूल घरी आणू नये, हे माझं ठाम मत आहे.

तिसरी, वही. रोज किती शॉट, खांदा कधी थकला, तळहातात कुठे दुखलं, बोट कुठे टेकलं. स्कोअरपेक्षा या नोंदी खरेदीच्या वेळी जास्त उपयोगी पडतात.

टप्पा ३: हात

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

मॅच पिस्तुलाची ग्रिप एस, एम, एल अशा मापात येते, काही कंपन्या त्याहून लहानही देतात. उजवी आणि डावी वेगळी. दुकानदार उंची विचारून माप सांगतो. उंचीवर जाऊ नका. सहा फुटी माणसाची बोटं आखूड असू शकतात आणि पाच फुटी मुलीचा तळवा रुंद असू शकतो. त्याच मॉडेलचं पिस्तूल रेंजवर कुणाकडे असेल तर दहा मिनिटं मागून घ्या. नेमबाज सहसा नाही म्हणत नाहीत.

हात असा बसवा: डाव्या हाताने पिस्तूल नळीकडून धरा, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यातली बेचकी ग्रिपच्या मागच्या वळणात वरपर्यंत सरकवा, मग एकेक बोट गुंडाळा. सगळ्यात शेवटी तळव्याखालची पट्टी, म्हणजे पाम शेल्फ, वर सरकवून तळहाताला नुसती टेकेल इतकी आणा. लोक ती आवळतात. आवळली की हात दोन्हीकडून चिमटला जातो, आणि विसाव्या शॉटला करंगळी बधिर होते.

आता या चार गोष्टी बघा.

बोट: तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर मधोमध यावं. बोटाची आतली बाजू ग्रिपच्या लाकडाला लागू नये, मध्ये कागद सरकेल एवढी फट हवी. लाकडाला लागलं तर ट्रिगर दाबताना बोट लाकूडही ढकलतं आणि छर्रा बाजूला जातो. ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो, पण त्याला मर्यादा असते. ट्रिगर सगळ्यात मागे आणूनही बोट पोचत नसेल तर ग्रिप मोठी आहे. ती ग्रिप सोडून द्या.

मनगट: पिस्तूल समोर धरा, डोळे मिटा, हात खाली आणा, पुन्हा खांद्याच्या उंचीला न्या आणि डोळे उघडा. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, मागच्या खाचेत आपोआप आली पाहिजे. दर वेळी माशी डावीकडेच दिसत असेल, किंवा खाचेच्या खाली बुडत असेल, तर ग्रिपचा कोन तुमच्या मनगटाशी जुळत नाही. बहुतेक मॅच पिस्तुलांत हा कोन एका स्क्रूने बदलता येतो. बदलून पाहा. बदलूनही जुळत नसेल तर मनगट वाकवून जुळवायला जाऊ नका, साठाव्या शॉटपर्यंत ते वाकलेलं राहणार नाही.

बेचकी: दहा मिनिटांनी हात सोडा आणि कातडीकडे बघा. आमच्याकडे एक चौदा वर्षांची मुलगी होती. तिच्या बेचकीत दर वेळी तांबडा, नखाएवढा ठिपका उमटायचा, बाकी तळवा पांढराच. म्हणजे सगळं वजन त्या एका जागेवर आणि बाकी हात लाकडाला लागतच नव्हता. आम्ही त्या पोकळीत दोन भाग कालवून करायची लाकडाची पुट्टी भरली. हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळून तिला तसंच धरायला लावलं आणि पुट्टी घट्ट झाल्यावर सँडपेपर मारला. दुसऱ्या दिवशी तळव्यावर सगळीकडे सारखी फिकट लाली होती. ती लाली दिसली की समजावं, ग्रिप बसली.

नियम: ग्रिपचा कुठलाही भाग हाताभोवती वळसा घालून जाता कामा नये आणि मनगटाला टेकू देता कामा नये. पुट्टी भरताना लोक उत्साहात मनगटाला आधार करून ठेवतात. स्पर्धेच्या सकाळी तपासणीत ते पिस्तूल परत येतं.

तपासा: दहा वेळा हात सोडून पुन्हा पकडा. दहाही वेळा बोटं त्याच जागी आली का? सात वेळाच आली तर ग्रिप अजून तुमची झालेली नाही.

लाकूड घासण्याबद्दल एकच सांगतो. दुखतं तिथेच, थोडंसं, आणि मध्ये एक दिवस ठेवून. घासलेलं परत येत नाही.

टप्पा ४: हवेचा प्रकार ठरवा

स्प्रिंगचं स्वस्त पिस्तूल, जे नळी मोडून ताणतात, ते स्पर्धेसाठी घेऊ नका. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत आतला पिस्टन धडकून पिस्तूल हलवतो, त्यामुळे तुमची चूक कोणती आणि पिस्तुलाची कोणती हे कळतच नाही. त्यात रिकामा ट्रिगरही ओढता येत नाही, पिस्टन खराब होतो. आणि शिकण्याचा निम्मा भाग रिकामा ट्रिगर ओढण्यातच असतो.

एका खेचीत हवा भरायची जुन्या पद्धतीची पिस्तुलं अचूक असतात, सिलिंडरची कटकट नसते. पण दर शॉटला लिव्हर ओढायची. सरावाला ठीक आहे, लहान मुलांचा खांदा मात्र शॉट मारायच्या आधीच थकतो.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी पिस्तुलं स्वस्तात मिळतात. आपल्या हवेत ती टाळा. या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो, ३१ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात राहतच नाही. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या रेंजवर सकाळचा आणि दुपारचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, वेगवेगळ्या उंचीवर बसलेला दिसेल.

राहिलं सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचं पिस्तूल. २०० बार दाबाने भरलेल्या हवेतून रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखीच हवा सोडतो, आणि एका भरण्यात एक मॅच सराव शॉटसकट आरामात होते. स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, मोरिनी, पार्डिनी ही नावं रेंजवर ऐकाल ती या प्रकारातलीच, आणि आपल्याकडे प्रेसिहोलसारखे देशी उत्पादकही आहेत. पहिल्या पिस्तुलासाठी यांतलं कुठलंही चालेल. या पातळीच्या पिस्तुलांत नळीच्या अचूकतेचा फरक नवशिक्याच्या हाताला कळण्यासारखा नसतो, ग्रिपचा फरक पहिल्या दिवशी कळतो. आणखी एक विचारा: त्याचे सील, स्प्रिंग आणि सिलिंडर इथे मिळतात का, आणि दुरुस्ती कोण करतं? ज्या ब्रँडचं पिस्तूल तुमच्या रेंजवर चार जणांकडे आहे, त्याला माझी पहिली पसंती.

टप्पा ५: वजन आणि तोल

नियमाने कमाल वजन १५०० ग्रॅम. बहुतेक मॅच पिस्तुलं किलोच्या अलीकडे-पलीकडे असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी आखूड नळीची कॉम्पॅक्ट आवृत्ती घ्या, दोनेक वर्षांनी विकता येते.

चाचणी सोपी आहे. पिस्तूल उचला, दहा सेकंद धरा, खाली ठेवा, वीस सेकंद थांबा. असं वीस वेळा. शेवटच्या पाच वेळा माशी पहिल्यापेक्षा खूप नाचत असेल तर ते पिस्तूल आत्ता तुमच्यासाठी जड आहे. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट असतात, त्याआधी सरावाचे वेगळे, आणि प्रत्येक शॉटला हात एकदाच उचलला जातो असं नाही.

वजन आणि तोल वेगळे. थोडं पुढे जड असलेलं पिस्तूल स्थिर वाटतं, म्हणून दुकानात सगळ्यांना तेच आवडतं. तासाभराने तेच खांदा खेचतं. जोडवजनं नंतर लावता येतात, आधी हलकंच घ्या.

टप्पा ६: ट्रिगर

दहा मीटरला ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम हवा. पिस्तूल उभं धरून, नळी आकाशाकडे ठेवून, ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचलताना ट्रिगर सुटला तर नापास. नवे लोक तो हलका करून घेतात, कारण हलका ट्रिगर सोपा वाटतो. ५१० ते ५२० वर ठेवा. स्क्रू प्रवासात सैल होतात, ते दहा-वीस ग्रॅम त्यासाठी.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट बहुतेक भार उचलतं आणि 'भिंतीशी', म्हणजे जाणवणाऱ्या अडथळ्याशी, येऊन थांबतं, दुसऱ्यात उरलेला थोडासा भार. घेताना बघायचं ते हे: ती भिंत दर वेळी त्याच जागी लागते का? तिथून पुढे सरकताना खरखर जाणवते का? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी कुठली लागते आणि ती तुमच्या गावात मिळते का, हेही आधीच विचारा.

थांबा: दुकानात ट्रिगर ओढण्याआधी नळी सुरक्षित दिशेला, चेंबर उघडून डोळ्यांनी बघा की छर्रा नाही. दुकानदाराने "रिकामं आहे" म्हटलं तरी. तुमच्या हातात आलं की ती तपासणी तुमची.

टप्पा ७: पैशांचा हिशेब

पिस्तुलाच्या किमतीवर सगळे पैसे संपवू नका. आठवड्यात पाच दिवस, रोज शंभर शॉट धरले तर पाचशे छर्रे, म्हणजे मॅच छर्र्यांचा एक डबा. वर्षाला बावन्न डबे. शिवाय रेंजची फी, हवा भरण्याचा खर्च, स्पर्धांचा प्रवास. माझा सल्ला असा: वर्षभराचे छर्रे आणि फी आधी बाजूला काढा, उरलेल्यात जे बसेल ते पिस्तूल घ्या. भारी पिस्तूल घेऊन छर्रे वाचवत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यापुढे साध्या पिस्तुलावर रोज शंभर शॉट मारणारी निघून जातात.

चपट्या डोक्याचे छर्रेच घ्या, ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात. सरावाला एकच ब्रँड आणि एकच माप ठरवून त्याचेच डबे घ्या.

टप्पा ८: जुनं पिस्तूल घेत असाल तर

जुनं घेण्यात कमीपणा काहीच नाही, पहिलं म्हणून मी तेच सुचवतो. पण पैसे देण्याआधी या क्रमाने बघा:

१. सिलिंडरवर कोरलेली तारीख. या उत्पादकांचे सिलिंडर साधारण दहा वर्षांच्या मुदतीचे असतात. मुदत संपली असेल तर तो भरायचा नाही, बदलायचाच. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा.

२. गळती. सिलिंडर भरून, पिस्तुलाला लावून, दाबाचा काटा लिहून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर सील गेलेत.

३. नळीचं तोंड. भिंगातून बघा. कडेला खरचटलं असेल तर सोडून द्या.

४. मूळ बिल, आणि बिलावरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळतो का. बिल नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

५. टेबलावर आधार देऊन दहा शॉट. भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटकं भोक दिसायला हवं.

दुसरा मुद्दा मी स्वतः गाळला होता. एका दुकानात काटा पूर्ण बघून पिस्तूल घेतलं, घरी आणलं, दुसऱ्या दिवशी तो निम्म्यावर. दुरुस्तीत दोन महिने गेले आणि जिल्हा स्पर्धा मी उसन्या पिस्तुलावर खेळलो.

टप्पा ९: पहिला आठवडा

पहिले दोन दिवस छर्रा घालूच नका. कोऱ्या भिंतीसमोर रिकामा ट्रिगर. ट्रिगर सुटताना माशी हलली का, एवढंच बघायचं. पिस्तुलात यासाठी वेगळी सोय असते, ती पुस्तिकेत वाचून घ्या. भिंतीच्या पलीकडे कुणाची ये-जा नसावी, आणि छर्र्यांचा डबा त्या खोलीतच नसावा.

हवा भरताना सिलिंडर पिस्तुलातून काढा. मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, भसकन भरला तर सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब कमी दिसतो. २०० बारच्या पुढे नाही. पिस्तुलाला परत लावताना हाताने घट्ट, पाना नको. कोकणात आणि पावसाळ्यात हातपंप वापरत असाल तर ओल पकडणारा फिल्टर हवाच.

थांबा, आणि हे दोनदा वाचा: सिलिंडरमध्ये फक्त हवा. वैद्यकीय किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही नाही. जोडणीला साधं तेल किंवा ग्रीसही लावू नका. दाबाखाली ते पेटू शकतं, आणि स्फोट थेट तुमच्या तोंडासमोर होतो.

तिसऱ्या दिवशी दहा मीटरवर जा. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच. काळा गोल ५९.५ मि.मी.चा, त्यातला दहा गुणांचा ११.५ मि.मी.चा. नेम काळ्यावर धरायचा नाही, त्याच्या खाली पांढऱ्यात धरायचा. नजर माशीवर, माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या फटी, काळा गोल धूसर दिसला पाहिजे. चाळिशी ओलांडली असेल तर माशी स्पष्ट दिसेल अशी काच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून करून घ्या. वाचायचा चष्मा इथे उपयोगाचा नाही, माशी पुस्तकापेक्षा लांब असते.

पाच शॉट मारा. एकेक शॉट बघून साईट (मागच्या खाचेचे स्क्रू) फिरवू नका. पाचांचा मध्य कुठे आहे ते बघा आणि मग फिरवा. इथे एक फसगत नेहमी होते. काही जर्मन बनावटीच्या साईटवर एच, टी, एल, आर (वर, खाली, डावीकडे, उजवीकडे) अशी अक्षरं असतात. ती 'शॉट तिकडे गेलाय' या अर्थाने असतात: शॉट उजवीकडे लागला तर आरच्या बाणाकडे फिरवा. पुष्कळ जण उलट समजतात आणि कागदाबाहेर जातात. पाच क्लिक फिरवा, पाच शॉट मारा, ग्रुप कुठे सरकला ते वहीत लिहा. मग शंका राहत नाही.

तपासा: सलग तीन दिवस, पाच-पाच शॉटांचे तीन ग्रुप, तिन्हींचा मध्य साधारण त्याच जागी? मग साईट सोडा. पुढचे हजार शॉट ग्रिप, ट्रिगर आणि साईट यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. वाईट दिवशी तर अजिबात नाही.

टप्पा १०: ने-आण आणि घर

पिस्तूल कुलूपबंद पेटीतच. एसटीत, लोकलमध्ये, रिक्षात ती उघडायची नाही, कुणी कितीही आग्रहाने "दाखव ना" म्हटलं तरी. पेटीत बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र ठेवा. पोलिसांनी थांबवलं तर स्वतः हात घालून पिस्तूल काढू नका. आधी तोंडाने सांगा, कागद दाखवा, मग ते म्हणतील तसं. विमानाने जाताना सिलिंडर पूर्ण रिकामा करून वेगळा काढा, पिस्तूल चेक-इन सामानात, आणि काउंटरवर आधीच सांगा. तिकीट काढायच्या आधी विमान कंपनीचे नियम वाचा.

घरी पिस्तूल एका कुलपात, छर्रे दुसऱ्या. फोमची पेटी जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरते आणि नळीवर गंज चढतो. रेंजवरून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती महिन्याला बदला. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, आणि तोंडात छर्रा धरायची सवय कुणाला असेल तर ती आजच बंद करा.

पहिल्या स्पर्धेआधी एकदा रेंजवरच्या कुणाकडून नियमाची पेटी मागून घ्या. आतून ४२० बाय २०० बाय ५० मि.मी. तुमचं पिस्तूल, पुट्टी भरलेल्या ग्रिपसकट आणि वाढवलेल्या पाम शेल्फसकट, त्यात न दाबता बसलं पाहिजे. मग ५०० ग्रॅमचं वजन उचलून बघा. हे दोन्ही स्पर्धेच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे घासायचं असलं तर सँडपेपरला वेळ मिळेल.